मागची डावी सीट

तक्रार मी एका वाक्यात सांगितली. थंड असताना गाडी ठीक चालते, गरम झाल्यावर मात्र उभी असताना थरथरते.

नागनाथनं बॉनेट उघडलं. त्याचं गॅरेज होटगी रोडला, एका मोठ्या लिंबाखाली, तीन बाजूंनी पत्रा ठोकलेलं. माझी मारुती एकोणीसशे नव्व्याण्णवची, कार्ब्युरेटरवाली. गेली अकरा वर्षं तिला नागनाथशिवाय कुणी हात लावलेला नाही. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सकाळचे साडेनऊच झाले होते, पण पत्र्याला पाठ टेकवता येत नव्हती.

"करा चालू, मॅडम."

मी चोक ओढून गाडी सुरू केली. वीस मिनिटं आम्ही दोघं नुसतं ऐकत उभे होतो. तापमानाचा काटा मध्यावर आला, पंखा फिरला, मी चोक आत सारला. इंजिनाचा आवाज खाली उतरला आणि एकसारखा झाला.

नागनाथनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या आणि परत लावल्या. प्रत्येक वेळी इंजिन अडखळलं आणि पुन्हा सावरलं.

"तिन्ही सिलिंडर कामाचे हायत. एकजण जरी आळशी असता, तर त्याची वायर काढल्यावर काय फरकच पडला नसता."

मग त्यानं कॅलेंडरचं एक पान फाडून सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं. कागद एका लयीत फडफडत राहिला. इंजिन मधेच मिस मारत असेल तर कागद क्षणभर आत ओढला जातो, हे मला त्यानंच पूर्वी दाखवलं होतं. कागद एकदाही आत गेला नाही. शेवटी त्यानं रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबून पाहिल्या आणि हात पुसले.

"काय न्हाय, मॅडम. लेकराला दवाखान्यात आणलं की ताप उतरतो, तसं हाय हे."

"मागं बसून बघा."

तो उजवीकडून आत शिरला आणि मागच्या सीटवर बसला. दार उघडंच होतं. मला वाटलं, पाचेक मिनिटं बसेल. तो लगेच बाहेर आला.

"मागं काय ठिवलंय का तुमी?"

"नाही."

"डिकीत?"

"फक्त स्टेपनी."

तो गाडीला वळसा घालून गेला. मागचं डावं चाक त्यानं पायानं दाबून बघितलं.

"नागनाथ, दोष असायला हवा," मी म्हणाले.

तो हसला. "लोक माज्याकडं दोष नको म्हणून येत्यात."

मी हसले नाही, तेव्हा त्यानंही हसणं आवरलं.

*

मला तो दोष का हवा होता, ते आधी सांगते.

अव्वा, म्हणजे माझी आई गुरम्मा, फेब्रुवारीच्या शेवटी गेली. नऊ दिवस ती सोलापुरात दवाखान्यात होती. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता काही तासांचा प्रश्न आहे, घरी न्यायचं तर न्या. तिला अक्कलकोटला, अप्पांच्या समाधीशेजारी, आमच्या रानात जायचं होतं. हे तिनं स्वतः सांगून ठेवलं होतं. माझा भाऊ बसवेश वैरागहून आला. त्यानं गाडी चालवायला घेतली. मी त्याच्या शेजारी बसले, मांडीवर दवाखान्याचे कागद घेऊन. मागच्या डाव्या सीटवर अव्वा आणि तिला धरून उजवीकडे चिक्कव्वा. चिक्कव्वा म्हणजे अव्वाची धाकटी बहीण, काशम्मा.

कुंभारीच्या पुढे चिक्कव्वा म्हणाली, "राजी, बघ गं."

बसवेशनं गाडी कडेला घेतली. मी मागं वळून अव्वाच्या गळ्याशी दोन बोटं ठेवली आणि घड्याळ लावून दोन मिनिटं थांबले. काही लागलं नाही. मग डॅशबोर्डवरचा माझा जवळचा चष्मा घेऊन तिच्या नाकाशी धरला. काचेवर वाफ धरली नाही. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"संपलं," मी म्हणाले.

घरात शिकलेली मीच. एम.एस्सी., पदार्थविज्ञान. अकरावी-बारावीला बावीस वर्षं शिकवते आहे. गॅसच्या शेगडीपासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा. त्या क्षणी गाडीतल्या दोघांनीही मला पुन्हा काही विचारलं नाही.

आमच्यात माणसाला झोपवून पुरत नाहीत. लिंगायतांमध्ये मांडी घालून, बसवून पुरतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. त्यासाठी शरीर ताठायच्या आत बसवावं लागतं. अप्पांच्या वेळी उशीर झाला होता, तेव्हा काय करावं लागलं ते मी पाहिलं होतं. गुडघ्याचा तो आवाज मी विसरलेले नाही. म्हणून मीच म्हणाले, "आत्ताच बसवू या. घरी पोचेपर्यंत थांबायला नको."

तिथं रस्त्याच्या कडेला, गाडीतच, आम्ही तिची मांडी घातली. पाठीशी शाल दिली. डाव्या हातावर लिंग ठेवून बोटं मिटवली. तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालून पांढरं फडकं घेतलं आणि दरवाजावरच्या हुकाला बांधलं, म्हणजे मानही खाली पडणार नाही. गाठ मी मारली. घट्ट मारली. माझ्या गाठी सुटत नाहीत.

पुढं वळसंगच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली होती. दोन्ही बाजूंनी वाहनं अडकून पडली. आम्ही इंजिन आणि एसी चालू ठेवून उभे राहिलो.

"राजी," चिक्कव्वा म्हणाली, "अक्काचा हात हलतोय."

मी मागं वळून बघितलं. लिंग धरलेला हात मांडीवर होता. तो हलत होता. फार नाही.

"गाडी थरथरतीय, चिक्कव्वा. इंजिन गरम झालं की उभी असताना अशीच थरथरते. माझी गाडी मला माहीत आहे."

ती थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. मग ती बोलायची थांबली.

अक्कलकोटला डॉक्टरांनी येऊन कागद लिहिला. जंगम आले, विधी झाले, उन्हं कलायच्या आत सगळं उरकलं. तेव्हापासून चिक्कव्वा माझ्याशी बोललेली नाही. अर्धी भाकरी खाते, झोपत नाही. अक्काला जित्ती बांधून नेली, एवढंच दिवसातून दोनदा-तीनदा म्हणते. बसवेश येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "राजीनं तपासलं होतं." मला एकदा फोनवर म्हणाला, "आणि समज, असेल तास-अर्धा तास, तर काय? जाणारच होती की." मी फोन ठेवला. ती जाणारच होती, हे मलाही माहीत आहे. प्रश्न तो नाही. प्रश्न गाठीचा आहे.

मी ते वाक्य, गरम झाली की थरथरते हे, आधीच्या निरीक्षणावरून बोलले की त्या क्षणी सोयीचं म्हणून बोलले, हे मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला, तरी आठवत नाही.

म्हणून मार्चमध्ये, विजापूर रोडच्या सिग्नलला गाडी उभी असताना पाठीमागून पहिल्यांदा थरथर जाणवली, तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं की डोळ्यांत पाणी आलं.

*

नागनाथला काही सापडलं नाही, तेव्हा मी स्वतः मोजायचं ठरवलं. कॉलेजच्या परीक्षा संपल्या होत्या. मागच्या मैदानात कुणी नसतं. लागोपाठ तीन दिवस, दुपारी बारा वाजता, मी तिथं गाडी नेली.

चार सारख्या स्टीलच्या वाट्या घेतल्या, चारही काठोकाठ भरल्या. एक इंजिनावर, एअर फिल्टरच्या झाकणावर. एक पुढच्या सीटवर. दोन मागच्या सीटवर, डावीकडे आणि उजवीकडे, खाली वही ठेवून. गाडी सुरू केली, बाहेर उभी राहिले आणि दर मिनिटाला टिपत गेले.

इंजिन थंड असताना चारही वाट्यांत बारीक लहरी होत्या, इंजिनावरच्या वाटीत जास्त. अपेक्षेप्रमाणे. काटा मध्यावर आला, चोक आत गेला, तशा लहरी मंदावल्या. इंजिन चांगलं होतं. इंजिनावरच्या वाटीतल्या पाण्यात मला माझा चेहरा ओळखू येत होता.

मागच्या डाव्या वाटीतलं पाणी हलत होतं.

त्यात लहरी नव्हत्या. पाणी एका बाजूला कलायचं आणि परत सरळ व्हायचं. सीटवर कुणी बसलं असेल, तर त्याच्या शेजारी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी जसं हलेल, तसं. मिनिटाला सोळा वेळा. मी वाट्यांची अदलाबदल केली. वही काढली. चाकांतली हवा तपासली. गाडी उलट्या उतारावर नेऊन लावली. फरक पडला नाही. दहा मिनिटांनी ते मिनिटाला अकरा वेळा झालं. मग मधे खंड पडायला लागले. नऊ सेकंदांचा, चौदाचा, वीसचा. मग एकदा कललं, परत सरळ झालं आणि तसंच राहिलं.

सदतीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी सदतीस. तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी आकडा वहीत लिहायचा म्हणून मी डॅशबोर्डवरचा चष्मा उचलायला हात घातला. गाडी चालवताना मी तो काढून तिथंच ठेवते, जुनी सवय आहे. फ्रेमचा बोटांना चटका बसला. पदरात धरून काच गालाला लावून बघितली. काचही तशीच होती.

मी तो चष्मा हातात घेऊन उन्हात उभी राहिले.

वाफ गार काचेवर धरते. तापलेल्या काचेवर कितीही फुंकलं तरी धरत नाही. उच्छ्वासापेक्षा काच गरम असेल तर पाणी जमणारच नाही. हे मी दरवर्षी ऑगस्टमध्ये, अकरावीला, फळ्यावर आकृती काढून शिकवते. फेब्रुवारीत दुपारी एक वाजता आम्ही अक्कलकोटच्या दिशेला चाललो होतो. ऊन समोरून येत होतं. चष्मा दवाखान्यातून निघाल्यापासून डॅशबोर्डवर होता.

त्या उन्हात मी पुन्हा पुन्हा काचेवर फुंकत राहिले. काच स्वच्छ राहिली.

राहिली इंजिनाची थरथर. तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

*

"नागनाथ, दोष नसेल तर घालून द्या," मी म्हणाले.

तो टायरवर बसून चहा पीत होता. कप खाली ठेवला.

"घालून द्या म्हंजी?"

"गरम झाल्यावर थरथरली पाहिजे. फक्त गरम झाल्यावर."

"कुणाला दावायचंय?"

"मावशीला."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. अव्वाच्या तिसऱ्या दिवशी तो घरी येऊन गेला होता. चौकशी करणारा माणूस नाही तो. उठून बॉनेटखाली वाकला.

"ही नळी बघा. हितनं अर्दी सैल ठिवतो. थंड असताना चोक असतोय, पेट्रोल जास्त जातंय, कळणार न्हाय. गरम झाली, चोक आत गेला, की हितनं चोरून हवा घेईल आन् मिस मारंल. लई दिवस ठिवू नका. नीट करायची तर अंगठ्यानं दाबून बसवायची, बास."

गरम झाल्यावर त्यानं करून दाखवलं. गाडी अशी हादरली की बॉनेटचा दांडा वाजायला लागला. मी म्हणाले, आत बसून बघा कशी वाटते. तो बाहेरूनच म्हणाला, "बसायला कशाला पायजे. दिसतंय की हितनं."

मी निघताना खिडकीशी आला. काही वेळ काचेच्या रबरावरून बोट फिरवत राहिला.

"मॅडम, रागाला येऊ नका. आई जायच्या आदल्याच आठवड्यात म्या ट्यूनिंग केलंतं. तवा गाडी एकदम चोख हुती."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

*

अक्कलकोटला पोचले तेव्हा चार वाजत आले होते. मी गाडी चिक्कव्वाच्या दारात लावली आणि बंद केली नाही. तिची सून काव्या बाहेर आली.

"बरं झालं आलात, ताई. काल रात्रीपास्नं पाणीसुद्धा मागितलं नाही त्यांनी. नुसत्या बसून असतात. हनुवटी धरून."

चिक्कव्वा सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. दोन महिन्यांत निम्मी झाली होती. कपाळावर विभूती नीट ओढलेली, डोळे दाराकडे. दारातून गाडी दिसत होती.

"चिक्कव्वा, गाडीत चल. एक दाखवायचंय."

ती इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "कुटं न्यायचंय? आता मलाबी बसवणार का?"

काव्या आत निघून गेली.

"कुठं नाही नेत. दारातच बस. पाच मिनिटं."

ती उठली. मी हात दिला, तो तिनं घेतला नाही. स्वतःच उजवीकडचं दार उघडून आपल्या जागेवर बसली. डावीकडची सीट रिकामी होती. मी पुढं बसून मागं वळले.

गाडी हादरत होती. आरसा हलत होता, त्यात दिसणारं घर हलत होतं. काचा दारांत वाजत होत्या. किल्लीच्या जुडग्यातल्या किल्ल्या एकमेकींवर आपटत होत्या. स्टिअरिंगवर ठेवलेला माझा हात मनगटापर्यंत थरथरत होता.

"बघ. गरम झाली की अशीच हलते. मी तेव्हा हेच सांगत होते."

ती बघत राहिली. एकेक वस्तू नीट बघितली.

"व्हय," ती म्हणाली. "समदं हलतंय की."

"हो."

"आरसा हलतोय. काच वाजतीय. किल्ल्या वाजत्यात."

"हो, चिक्कव्वा."

"त्या दिशी किल्ल्या वाजत न्हवत्या, राजी."

मी किल्ल्यांकडे बघितलं.

"माज्या मांडीवर पाण्याचा तांब्या हुता. अक्काच्या तोंडात घालाय म्हणून घेतलेला, काठापतुर. तू तोंड बांदलंस, मग तसाच धरून बसले. एक थेंब सांडला न्हाय बघ. माजं लुगडं कोरडं हुतं." तिचा आवाज कोरडा होता, रागही नव्हता त्यात. "पानी गप हुतं. हात तेवढा हलत हुता."

"चिक्कव्वा—"

"ट्रॉली काडली, बसव्यानं गाडी पुडं घातली. तवा थांबला."

ट्रॉली निघाली तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं. जंगम तीनला येणार होते आणि उशीर होईल का, ते मी मोजत होते. एक वाजून सत्तेचाळीस. बसवेशला तसं सांगितलंही होतं.

एक दहा ते एक सत्तेचाळीस. ही वजाबाकी मी त्या क्षणी पहिल्यांदा केली, असं म्हणणं खोटं ठरेल.

चिक्कव्वानं उजवा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला. तळवा टेकवून, तापलेल्या पोराच्या छातीवर ठेवतात तसा.

"साकु," ती म्हणाली. "पुरे. बंद कर."

मी किल्ली फिरवली. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. आरसा थांबला, किल्ल्या थांबल्या. दारातल्या चिंचेवर कावळे बोलत होते.

तिनं हात उचलला नाही. मी तिच्या हाताकडे बघत होते. तो थोडा वर यायचा आणि खाली जायचा. तो हात ती स्वतः हलवत नव्हती.

बऱ्याच वेळानं तिनं तो काढला आणि पदराला पुसला.

"फडकं सोड की गं आता," ती अगदी हळू म्हणाली. मला म्हणाली, पण बघत होती डाव्या दाराकडे, हुकाकडे. "किती घट्ट मारलीस."

हुक रिकामा होता. फडकं अव्वाबरोबर गेलं होतं.

चिक्कव्वा उतरली. आत जाऊन तिनं काव्याकडे पाणी मागितलेलं मला ऐकू आलं. तांब्याभर प्यायली असावी. काव्या धावत बाहेर येऊन म्हणाली, "ताई, काय सांगितलंत त्यांना? भाकरी मागतायत."

मी म्हणाले, "काही नाही. त्यांनीच सांगितलं."

*

मी पाचला निघाले. परतीच्या रस्त्याला ऊन पुन्हा समोर होतं, डावीकडून, थेट डॅशबोर्डवर.

चालत्या गाडीत फरक कळत नव्हता. वळसंग मागं पडलं. पुढं दोन-तीन किलोमीटरवर उजव्या कडेला रस्त्यावर अजून काळपट डाग आहे. उसाचा रस आणि डिझेल सांडलेलं, त्यावर माती बसून तो पक्का झालाय. मी गाडी तिथं बाजूला घेतली.

उभी राहिली तशी ती हादरायला लागली. आरसा, काचा, किल्ल्या.

मी इंजिन चालू ठेवूनच उतरले, बॉनेट उघडलं. नळी कुठं आहे, ते बोटांना माहीत होतं. अंगठ्यानं दाबली. ती आपल्या जागी बसली.

इंजिन शांत झालं. नागनाथ म्हणतो तसं, चोख.

आता दोष कुठंच नव्हता.

मी परत आत येऊन बसले. दारं बंद केली. एसी लावला नाही. बाहेरचं तापमान बेचाळीस तरी असेल, आतलं त्याहून जास्त. आरसा स्थिर होता. किल्ल्या सरळ लोंबत होत्या. आरशात मागची सीट पूर्ण दिसत होती. तिच्यावर काही नव्हतं.

"अव्वा," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मग मी मागं वळून डाव्या दाराकडे हात लांब केला आणि रिकाम्या हुकावर, गाठ जिथं असायची तिथं, बोटं फिरवली. सोडवल्यासारखं केलं. अंगठा आणि तर्जनी, आधी वरचा पदर, मग खालचा. मला लाज वाटली. तरी केलं.

सीटचा फोम एकदा दबल्यासारखा आवाज झाला.

मी पुढं वळले.

चष्मा डॅशबोर्डवर होता. चिक्कव्वाच्या दारात ठेवला, तेव्हापासून उन्हात. मी बोट टेकवलं आणि झटकन मागं घेतलं. फ्रेम भाजत होती.

चष्म्याच्या डाव्या काचेवर वाफ धरली होती. रुपयाच्या नाण्याएवढी.

ती कडेकडेनं विरत गेली. काच स्वच्छ झाली.

मी घड्याळ लावलं नाही.

परत धरली.